धागा: कारखान्यातलं रसायन पाण्यात खरंच विघटित होतं का, हे आपल्या लॅबमध्ये कसं तपासायचं?

वेर्णा_क्यूसी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे यंत्रांचे सुटे भाग धुण्याचा पाण्यावर आधारित क्लीनर बनतो. त्यात ट्रायइथेनॉलअमाइन (पुढे टीईए म्हणतो), एक सरळ साखळीचा फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट, थोडं ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) आणि गंजरोधक आहे. युरोपातला ग्राहक विचारतोय, "रेडिली बायोडिग्रेडेबल" (सहज जैवविघटनशील) म्हणता तर पुरावा द्या.

लॅबमध्ये बीओडी (जिवाणूंनी खाल्लेल्या ऑक्सिजनचं माप) इनक्युबेटर आहे, तो २७ अंशांवर लावलेला असतो. ३०० मिलिच्या बीओडी बाटल्या, ऑप्टिकल डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटर आणि सीओडी (रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) डायजेस्टर आहे. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) यंत्र नाही. क्लीनरच्या पातळ द्रावणाचा बीओडी/सीओडी ०.५२ आला. सीड (चाचणीत घालायचे जिवाणू) आमच्याच ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) एरेशन टँकमधलं घेतलं होतं. एवढ्यावर दावा करता येईल का? नसेल तर आहे त्या सामानात काय करता येईल?

फोंड्याचा_केमिस्ट

या आकड्यावर दावा करू नका. आकडा चुकला असं नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिलं म्हणजे तुम्ही मिश्रण तपासलंत. रेडी चाचणी (पदार्थ "रेडिली" आहे का हे ठरवणारी) एकेका पदार्थाची असते. मिश्रणात इथॉक्सिलेट झपाट्याने खाल्लं जातं आणि त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्याखाली ईडीटीए लपून जातं. ईडीटीए रेडी चाचणीत पास होत नाही, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. क्लीनरचा एकूण आकडा ८०% आला तरी उरलेले २०% म्हणजे नेमका तोच न तुटणारा घटक असू शकतो.

दुसरं, सीड. तुमच्या ईटीपीतले जिवाणू रोज हेच रसायन खातात, ते सरावलेले आहेत. रेडी चाचणीचा सगळा अर्थ असा की ज्या जिवाणूंनी हा पदार्थ कधी पाहिलेला नाही, तेही थोड्या संख्येत असताना तो खाऊ शकतात का. सरावलेलं सीड घातलं की प्रश्नच बदलला.

तिसरं, तापमान. आपल्याकडे बीओडी ३ दिवस २७ अंशांवर काढतात, ती सांडपाण्यासाठीची पद्धत आहे. ओईसीडी ३०१ मध्ये (रेडी चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, तिच्या ए ते एफ अशा पद्धती) २२ अधिक-उणे २ अंश आणि २८ दिवस.

बीओडी/सीओडी ०.५ चा नियम जीएचएस या रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात आहे, पण तो ५ दिवसांच्या बीओडीचा, आणि दुसरी काहीच माहिती उपलब्ध नसेल तेव्हापुरता. ग्राहकाने थेट "रेडिली" विचारलंय, तिथे तो चालणार नाही.

तुमच्या सामानात बसणारी पद्धत म्हणजे ३०१-डी, क्लोज्ड बॉटल. त्यावर सविस्तर लिहितो, तोवर ताळगावच्या ताईंनी सीडबद्दल सांगावं.

सूक्ष्मजीव_ताळगाव

सीडबद्दल सांगते, कारण निम्म्या चाचण्या तिथेच बिघडतात.

सीड मुख्यतः घरगुती सांडपाण्याच्या एसटीपीचं (मैलापाणी प्रक्रिया केंद्राचं) हवं. गोव्यात टोंक, मडगाव, वास्को अशी मोजकीच मोठी केंद्रं आहेत. हॉटेलच्या आवारातल्या छोट्या एसटीपीचं सीड टाळा. तिथे लाँड्री आणि जंतुनाशकांचा मारा असतो, जिवाणूंची संख्या दिवसागणिक बदलते. परवानगी काढून, सांगून नमुना घ्या आणि क्लोरीन टाकण्याच्या आधी घ्या. सेकंडरी क्लॅरिफायरच्या सांडव्यावरचं पाणी हवं. "ट्रीटेड वॉटर" असा फलक असलेल्या नळाचं पाणी बहुतेक वेळा क्लोरीन टँकच्या पुढचं असतं. त्यात जिवाणू मेलेले, वर उरलेलं क्लोरीन चाचणीच्या बाटलीत जातं ते वेगळंच. मग ब्लँकमध्ये (नुसतं सीड, पदार्थ नसलेली बाटली) ऑक्सिजन अजिबात कमी होत नाही आणि माणूस खूश होतो की ब्लँक किती छान आला! रेफरन्सची (सहज तुटणारा ओळखीचा पदार्थ घातलेली) बाटली पाहिली की कळतं, तिथेही काहीच घडलेलं नसतं.

बाटली गच्च भरून बूच लावू नका. अर्धी रिकामी ठेवा, सैल बूच, उन्हात गाडीत ठेवू नका, त्याच दिवशी वापरा. लॅबमध्ये आल्यावर जाड गाळणकागदातून गाळा, पहिले २०० मिलि टाकून द्या, पुढचं हवा देत ठेवा. ३०१-डीसाठी दर लिटरला एक थेंबापासून जास्तीत जास्त ५ मिलिपर्यंतच सीड. म्हणजे लिटरमागे साधारण १० हजार ते १० लाख पेशी. हे प्रमाण मुद्दाम इतकं कमी ठेवलेलं आहे.

ब्लँक फार खात असेल तर सीडला मिनरल मीडियममध्ये, चाचणीच्याच तापमानाला, ५ ते ७ दिवस नुसती हवा द्या. जिवाणू स्वतःजवळचं साठवलेलं अन्न संपवतात आणि ब्लँक खाली येतो. हे चालतं. पण त्या दिवसांत चाचणीचा पदार्थ थेंबभरही घालायचा नाही. पहिल्याला प्रीकंडिशनिंग म्हणतात, दुसरं म्हणजे सराव देणं, आणि ते रेडी चाचणीत चालत नाही.

पावसाळ्यात आणखी एक: गटारांत पावसाचं पाणी शिरतं आणि येणारं सांडपाणी पातळ होतं. जून ते सप्टेंबरमधलं आणि फेब्रुवारीतलं सीड सारखं वागेल असं धरू नका. नोंदवहीत तारीख आणि आधीच्या दोन दिवसांतला पाऊस लिहून ठेवा.

फोंड्याचा_केमिस्ट

आता बाटल्या.

मीडियमची चार द्रावणं, प्रत्येकी १ लिटर.

अ: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ८.५० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१.७५ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट ३३.४० ग्रॅम, अमोनियम क्लोराइड ०.५० ग्रॅम. पीएच ७.४ यायला हवा. आला नाही तर आम्ल-अल्कली घालून ओढत बसू नका. वजन चुकलंय किंवा बाटलीवरचा हायड्रेट वेगळा आहे, ते शोधा.
ब: कॅल्शियम क्लोराइड, निर्जल असेल तर २७.५० ग्रॅम, डायहायड्रेट असेल तर ३६.४० ग्रॅम.
क: मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २२.५० ग्रॅम.
ड: फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.२५ ग्रॅम. हे ताजं करा, किंवा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घाला, नाहीतर तळाशी तांबडा गाळ बसतो.

३०१-डीमध्ये प्रत्येकाचे १ मिलि, दर लिटरला. (३०१-ए, बी आणि एफमध्ये अ द्रावण १० मिलि लागतं. हा फरक लोक विसरतात.) भरपूर पाण्यात आधी फॉस्फेट, नंतर बाकीची, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटचा दुधाळपणा येतो.

पाण्यात सेंद्रिय कार्बन नगण्य हवा. डीआय प्लँटचं रेझिन जुनं झालं की तेच कार्बन सोडतं आणि ब्लँक चढतो. मीडियमला किमान २० मिनिटं जोरात हवा द्या, मग चाचणीच्या तापमानाला २० तास स्थिर ठेवा. हे २० तास टाळू नका. गार पाण्यात हवा भरून लगेच बाटल्या भरल्या तर पुढे बाटलीच्या गळ्याशी बारीक बुडबुडे सुटतात. ते बुडबुडे म्हणजे मोजणीतून निसटलेला ऑक्सिजन. २२ अंशांना संपृक्त पाण्यात सुमारे ८.७ मिग्रॅ/लि ऑक्सिजन असतो. पहिल्या दिवशी मीटर ९.५ दाखवत असेल तर पाणी अतिसंपृक्त आहे किंवा मीटर चुकतोय.

भरताना सायफनची नळी बाटलीच्या तळाशी टेकवा, पाणी वाहून जाईपर्यंत भरा, बूच तिरकं सरकवत बसवा. गळ्याला बोटाने टिचकी मारून चिकटलेले बुडबुडे वर आणा, मग बूच. वर पाण्याचं सील, त्यावर टोपी. अंधारात ठेवा, शेवाळं वाढलं की ते स्वतः ऑक्सिजन बनवतं.

बाटल्या किमान अशा: पदार्थ आणि सीड १०, सीडचा ब्लँक १०, रेफरन्स आणि सीड १०, विषारीपणाचा कंट्रोल (पदार्थ, रेफरन्स आणि सीड एकत्र) ६. प्रत्येक वेळी दोन-दोन उघडायच्या: ०, ७, १४, २१, २८ दिवस (कंट्रोल १४ पर्यंतच). उघडलेली बाटली परत इनक्युबेटरमध्ये जात नाही. ऑप्टिकल प्रोबने मोजलं म्हणून "काही बिघडलं नाही" असं वाटतं, पण बूच काढताच हवा लागते.

ईटीपी_कुंकळ्ळी

मीटरबाबत एक भर. ऑप्टिकल असला तरी आठवड्यातून एकदा विंकलर टायट्रेशनने पडताळा. २०१ मिलि नमुना, ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट, १ मिलि म्हणजे १ मिग्रॅ/लि. थायोसल्फेट त्याच दिवशी स्टँडर्डाइज केलेलं हवं, पावसाळ्यात तर नक्कीच. अल्कली-आयोडाइड-अझाइडमधलं सोडियम अझाइड सिंकमध्ये ओतू नका. ते विषारी आहेच, शिवाय तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक क्षार साठतात. वेगळ्या कॅनमध्ये गोळा करा.

वेर्णा_क्यूसी

देव बरें करूं, दोघांचंही. आता पदार्थ किती घालायचा? आणि टक्केवारी कशाच्या तुलनेत काढायची? टीईएमध्ये नायट्रोजन आहे, तिथे गोंधळ होतोय.

फोंड्याचा_केमिस्ट

गोंधळ होणारच, आणि पास-नापास तिथेच ठरतं. नीट पाहू.

टक्केवारी सैद्धांतिक ऑक्सिजन मागणीच्या तुलनेत, म्हणजे थओडी. रेणूत कार्बन किती त्याची दुप्पट घ्या. हायड्रोजनमधून क्लोरीन वजा करा, नायट्रोजनची तिप्पटही वजा करा, उरेल त्याचं अर्ध मिळवा. सोडियम असेल तर त्याचं अर्ध मिळवा. शेवटी ऑक्सिजन वजा करा. आलेल्या आकड्याला १६ ने गुणा, रेणुभाराने भागा. (गंधक-फॉस्फरस असले तर त्यांचे वेगळे गुणक आहेत, तुमच्याकडे ते नाहीत.)

सोडियम बेंझोएट: कार्बन ७, हायड्रोजन ५, सोडियम १, ऑक्सिजन २. १४ + २.५ + ०.५ − २ = १५. गुणिले १६ = २४०, भागिले १४४.१ = १.६७ मिग्रॅ ऑक्सिजन दर मिग्रॅ.

टीईए: कार्बन ६, हायड्रोजन १५, नायट्रोजन १, ऑक्सिजन ३. १२ + ६ − ३ = १५, गुणिले १६ = २४०, भागिले १४९.२ = १.६१. इथे नायट्रोजन अमोनिया म्हणूनच राहतो असं धरलंय. तो पुढे नायट्रेटपर्यंत गेला तर आकडा २.०४ होतो.

आता उदाहरण. ३.२ मिग्रॅ/लि टीईए घाला. अमोनियापर्यंतची मागणी ५.१५, नायट्रेटपर्यंतची ६.५२. समजा २८ व्या दिवशी ब्लँकपेक्षा ३.६ मिग्रॅ/लि ऑक्सिजन जास्त खर्च झाला. ५.१५ ने भागलं तर ७०%, म्हणजे पास. ६.५२ ने भागलं तर ५५%, नापास. बाटली तीच, पाणी तेच.

म्हणून २८ व्या दिवशी नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचंच. समजा ब्लँकपेक्षा नायट्रेट-नायट्रोजन ०.१० मिग्रॅ/लि जास्त आलं. त्याला ४.५७ ने गुणा, ०.४६ मिग्रॅ ऑक्सिजन नायट्रिफिकेशनने खाल्ला. ३.६ मधून तो वजा करा, ३.१४. भागिले ५.१५ = ६१%. हा खरा आकडा, आणि तो उंबरठ्यावर आहे हेही अहवालात दिसायला हवं. नायट्राइटसाठी गुणक ३.४३.

आणखी एक: टीईएचा ८५ ग्रेड बाजारात सर्रास मिळतो, त्यात डायइथेनॉलअमाइन बरंच असतं. चाचणीला ९९ ग्रेडचं घ्या. आणि ते आर्द्रता ओढतं. पावसाळ्यात काट्यावर ठेवून आकडा स्थिरावण्याची वाट बघत बसाल तर तो चढतच राहील. झाकणाच्या बाटलीत, फरकाने वजन करा.

मांडवीपार

६०% च का, १००% का नाही, हे ग्राहक हमखास विचारतो, म्हणून लिहून ठेवतो. जिवाणू जे खातात ते सगळं जाळत नाहीत. काही कार्बन स्वतःच्या पेशी वाढवायला वापरतात. त्यामुळे ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड मोजताना ६०% आलं म्हणजे मूळ पदार्थ जवळजवळ संपला असं मानतात. डीओसी (विरघळलेला सेंद्रिय कार्बन) मोजली तर मर्यादा ७०%, कारण तिथे विरघळलेला कार्बन किती उरला हे थेट दिसतं.

आणि १० दिवसांची खिडकी विसरू नका. विघटन १०% ला पोचलं त्या दिवसापासून १० दिवसांत ६०% ओलांडायला हवं, सगळं २८ दिवसांच्या आत. सहाव्या दिवशी १०% आणि सोळाव्या दिवशी ६३% असेल तर पास. सहाव्याला १० आणि चोविसाव्याला ६३ असेल तर "रेडिली" नाही. क्लोज्ड बॉटलमध्ये आठवड्यालाच बाटली उघडत असाल तर खिडकी नीट दिसत नाही, तिथे १४ दिवसांची खिडकी मान्य आहे. सरफॅक्टंट (इथॉक्सिलेटसारखे साबणी पदार्थ) हे वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं मिश्रण असतं, एक संपल्यावर दुसरी सुरू होते, म्हणून तिथे १० दिवसांची अट सहसा लावत नाहीत. इथॉक्सिलेटचा निकाल लिहिताना हे स्पष्ट नमूद करा.

सूक्ष्मजीव_ताळगाव

चाचणी ग्राह्य कधी, ते एकदा सांगून टाकते. रेफरन्स (सोडियम बेंझोएट, सोडियम अ‍ॅसिटेट किंवा ॲनिलिन) १४ दिवसांत ६०% ओलांडायला हवा. ३०१-डीमध्ये ब्लँकचा ऑक्सिजन २८ दिवसांत १.५ मिग्रॅ/लिपेक्षा जास्त उतरता कामा नये. कुठल्याही बाटलीत ०.५ मिग्रॅ/लिपेक्षा कमी ऑक्सिजन उरता कामा नये. जोडबाटल्यांमधला फरक २० टक्क्यांच्या आत. यातलं एकही मोडलं तर निकाल लिहायचा नाही, पुन्हा मांडायचं. "थोडंसंच जास्त आहे" म्हणून ब्लँकचा १.८ चालवून घेऊ नका. तुमची मोजायची रक्कमच ३-४ मिग्रॅ आहे, त्यात ब्लँकची अनिश्चितता मोठा घास घेते.

ईटीपी_कुंकळ्ळी

प्रेशर-हेडच्या, म्हणजे दाबातली घट मोजणाऱ्या बाटल्या (३०१-एफ) घ्यायचा विचार असेल तर त्याबद्दल. कामाला सोप्या आहेत, रोजचा आलेख मिळतो, त्यामुळे खिडकी नेमकी दिसते. पदार्थ १०० मिग्रॅ/लिपर्यंत, थओडी ५० ते १०० मिग्रॅ/लि, सीड म्हणून ॲक्टिव्हेटेड स्लज (एसटीपीतला जिवंत जिवाणूंचा गाळ) ३० मिग्रॅ/लि सॉलिड्सपर्यंत. स्लज मिनरल मीडियमने धुऊन ३ ग्रॅम/लिला आणलात तर लिटरला १० मिलि पुरतो. ब्लँक साधारण २० ते ३० मिग्रॅ/लि, ६० च्या वर गेला तर चाचणी बाद. ५१० मिलिच्या बाटलीत २५० मिलि द्रव घेतला तर मापनाचा पल्ला २०० मिग्रॅ/लिपर्यंत मिळतो, तोच घ्या.

काय बिघडतं? सगळ्यात आधी कॉस्टिकची वाटी. रबराच्या वाटीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या टाकतात, त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात, म्हणून दाब उतरतो. पावसाळ्यात डबा चार वेळा उघडला की गोळ्या ओल्या होऊन चिकटतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच खाऊन बसलेल्या असतात. मग बाटलीतला वायू शोषला जात नाही, दाब हवा तेवढा उतरत नाही आणि पदार्थ "विघटित होत नाही" असं दिसतं. छोटा सीलबंद डबा घ्या, कोरड्या हाताने, चिमट्याने, एकाच वेळी सगळ्या वाट्या भरा. गोळी बाटलीत पडली तर ती बाटली गेली, पीएच चढतो.

दुसरं, वीज. इनक्युबेटर बंद पडून आतलं तापमान १ अंशाने चढलं तर बाटलीतला दाब सुमारे ५ हेक्टोपास्कलने वाढतो (३.४ हवेच्या प्रसरणाने, बाकी पाण्याच्या वाफेने). २५० मिलिच्या मांडणीत ते सुमारे ७ मिग्रॅ/लि ऑक्सिजनइतकं होतं. थओडी १०० असेल तर आलेखात ७ टक्क्यांचा खड्डा. सगळ्या बाटल्या सारख्याच तापल्या तर ब्लँक वजा केल्यावर तो जातो. पण वरचा कप्पा गरम आणि खालचा गार असेल तर जात नाही. म्हणून ब्लँक एका कप्प्यात आणि पदार्थ दुसऱ्या कप्प्यात असं कधी ठेवू नका, मिसळून ठेवा. आणि इनव्हर्टरवर इनक्युबेटरसोबत स्टररचा प्लॅटफॉर्मही घ्या. ढवळणं थांबलं की वरच्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात पुरेसा उतरत नाही.

मांडवीपार

जंतुनाशक, क्वाट (बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे) असले पदार्थ ३०१-एफमध्ये १०० मिग्रॅ/लिला घालू नका. जिवाणूच मरतात आणि निकाल "विघटन नाही" असा येतो. खरं म्हणजे तिथे विघटन तपासलंच गेलेलं नसतं. असे पदार्थ डी पद्धतीत २ मिग्रॅ/लिला.

पाण्यात न विरघळणारे पदार्थ: डीओसी पद्धती (ए, ई) बाद. बी, एफ घ्या. काचेच्या छोट्या तबकडीवर वजन करून तबकडीच बाटलीत सोडा, किंवा अल्ट्रासाउंडने विखुरवा. इमल्सिफायर घालू नका, त्याचाच कार्बन मोजला जाईल. सरफॅक्टंट बी पद्धतीत, म्हणजे हवा सोडून, करायचा तर फेस नळीतून बेरियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत जातो. मध्ये रिकामी बाटली ठेवा.

रेणुसूत्र माहीत नाही म्हणून सीओडीला थओडी मानणारे बरेच आहेत. पिरिडिनसारखी वलयं सीओडीत पूर्ण जळत नाहीत, भाजक लहान होतो आणि टक्केवारी फुगते. जमेल तिथे सूत्रावरूनच काढा.

वेर्णा_क्यूसी

ईडीटीएचं काय करू? तपासून नापासच येणार असेल तर?

ईटीपी_कुंकळ्ळी

रेडीत नापास म्हणजे "कधीच तुटत नाही" असं नाही. पुढची पायरी ३०२-बी, झान-वेलेन्स. स्लज ०.२ ते १ ग्रॅम/लि, पदार्थ ५० ते ४०० मिग्रॅ/लि डीओसी, २८ दिवस हवा. पहिला नमुना ३ तासांनी घ्या. तेवढ्यात जो कार्बन गायब झाला तो स्लजला चिकटला, खाल्ला गेला नाही. हा ३ तासांचा आकडा न घेता शेवटी "८५% गेलं" असं लिहिणं चूक. डीओसी मोजायला टीओसी यंत्र हवंच, नसेल तर गाळून सीओडी.

पण ग्राहकाला "रेडिली" हवं असेल तर ईडीटीएवर महिने घालवण्यापेक्षा ते बदला. एमजीडीए आणि जीएलडीए हे चिलेटिंग एजंट रेडी चाचणीत पास होतात. मात्रा आणि पीएच पुन्हा बसवावे लागतील.

सूक्ष्मजीव_ताळगाव

एक गोष्ट आग्रहाने मांडते. रेडीत पास झालेलं रसायन हवा असलेल्या पाण्यात तुटतं, एवढंच ते प्रमाणपत्र म्हणतं. गोव्यातली कितीतरी घरं, हॉटेलं, लहान कारखाने अजून सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर आहेत. तिथे ऑक्सिजन नाही. कपड्यांच्या पावडरीतला एलएएस हा सरफॅक्टंट हवेत सहज तुटतो, सेप्टिक टँकमध्ये नाही. गाळासोबत बसतो आणि शोषखड्ड्याकडे सरकतो. आपली विहीर आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा यांत किती अंतर असतं, ते किनारपट्टीवरच्या वाड्यांत जाऊन बघा. तुमचा क्लीनर छोट्या गॅरेजांना विकला जात असेल तर ओईसीडी ३११ ची, म्हणजे ऑक्सिजनविरहित पचनाची माहितीही पुरवठादाराकडे मागा.

आणि "प्रायमरी" (मूळ रेणू बदलणं) व "अल्टिमेट" (पूर्ण तुटणं) यांतला फरक लेबलवर लपवू नका. नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटची साखळी झिजते, फेस जातो, प्रायमरी विघटन उत्तम दिसतं. मागे उरतं ते नॉनिलफिनॉल, जास्त चिवट आणि माशांना जास्त घातक. ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड मोजणारी चाचणी अल्टिमेट सांगते, नुसतं मूळ रसायन मोजणारी सांगत नाही.

मांडवीपार

सांडपाणी थेट खाडीत किंवा समुद्रात जात असेल तर ओईसीडी ३०६. त्यात वेगळं सीड नाही, समुद्राच्या पाण्यातले जिवाणू हेच सीड. संख्या कमी, म्हणून वेग कमी, आणि नापास आलं तरी त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढायचा नाही. खाऱ्या पाण्यात २० अंशांना ऑक्सिजन सुमारे ७.४ मिग्रॅ/लि एवढाच मावतो, मात्रा त्यानुसार कमी. मांडवी-झुवारीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी गोडसर होतं, तेव्हा घेतलेल्या नमुन्याला समुद्राचं पाणी म्हणता येत नाही. खारटपणा मोजून लिहा.

फोंड्याचा_केमिस्ट

अहवालाचं सांगायचं राहिलं. तुमच्या लॅबमधली चाचणी चाळणी म्हणून उत्तम. कोणता घटक अडतोय ते कळतं आणि पैसे वाचतात. ग्राहकाला रीच (युरोपातला रसायनांचा कायदा) नोंदणीसाठी हवं असेल तर जीएलपी (ठरलेल्या गुणवत्ता नियमांनी चालणाऱ्या) प्रयोगशाळेचा अहवाल लागेल. वर्षाला १ टनापासूनच रेडी चाचणीची माहिती तिथे मागतात. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेत पूर्णपणे आहे, त्यामुळे इथल्या जीएलपी लॅबचा अहवाल तिकडे चालतो. त्याआधी पुरवठादाराला विचारा, टीईए आणि इथॉक्सिलेटचे अहवाल बहुधा त्यांच्याकडे असतात.

वेर्णा_क्यूसी

मांडणी ठरवली, तपासून द्या. इनक्युबेटर २२ वर, दोन दिवस आधी लावून कप्प्यांचं तापमान बघणार. सीड क्लॅरिफायरच्या सांडव्याचं, २ मिलि/लि. मीडियम एकत्र १५ लिटर.
टीईए ३.२ मिग्रॅ/लि, १० बाटल्या. १ ग्रॅम/लिचं स्टॉक, साडेतीन लिटरला ११.२ मिलि.
बेंझोएट ४ मिग्रॅ/लि, १० बाटल्या.
ब्लँक १०.
विषारीपणाचा कंट्रोल ६: टीईए ३.२ आणि बेंझोएट ४ एकत्र, २८ दिवस.

फोंड्याचा_केमिस्ट

शेवटची ओळ सोडून सगळं बरोबर. बेंझोएट ४ म्हणजे ६.७ आणि टीईए ५.१५, मिळून जवळपास ११.८ मिग्रॅ/लि मागणी. पाण्यात ८.७ च आहे, बाटली गुदमरेल.

टीईए कमी करू नका, नाहीतर ज्या मात्रेला चाचणी चाललीय त्या मात्रेचा विषारीपणा तपासलाच जाणार नाही. बेंझोएट २ करा. एकूण मागणी ८.५ होईल. निकष १४ दिवसांत २५% चा, त्याहून कमी आलं तर पदार्थ जिवाणूंना मारतोय असं धरतात. बेंझोएट १ वर आणाल तर तो एकटा पूर्ण खाल्ला गेला तरी २५% भरत नाही, आणि टीईए निर्दोष असूनही दोषी ठरेल. २ ला टीईए अजिबात तुटलं नाही तरी बेंझोएटच्या जोरावर ३०% च्या आसपास यायला हवं. या बाटल्या ०, ७, १४ दिवसांना दोन-दोन उघडा. सहा तिथेच संपतात, २८ पर्यंत न्यायच्या नाहीत.

वेर्णा_क्यूसी

बेंझोएट २ केलं, कंट्रोल १४ व्या दिवशी बंद. नायट्राइट-नायट्रेटसाठी टीईए आणि ब्लँकच्या दोन-दोन बाटल्या जादा भरतोय, त्या २८ व्या दिवसासाठी राखीव. सोमवारी सकाळी सीड आणायचं, म्हणजे ७, १४, २१, २८ सगळे सोमवारच येतात.

सूक्ष्मजीव_ताळगाव

चतुर्थीचे दिवस टाळून सोमवार निवडा. त्या आठवड्यात पणजी-मडगाव निम्मं गावाला गेलेलं असतं, एसटीपीला येणारं सांडपाणीही बदलतं.